इन्सब्रुकचे आल्पेनझू आणि डोंगर चढणारी रेल्वे : सासरे व नातवासह एक दिवस पुरेल का?

वैजयंती_कोथरूड

नमस्कार. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही म्युनिकला मुलीकडे जाणार आहोत. तेथून एका दिवशी सकाळच्या रेल्वेने ऑस्ट्रियातील इन्सब्रुकला जाऊन रात्री परत यावे, असा विचार आहे. मुलीने तेथील डोंगरउतारावरचे आल्पेनझू हे प्राणिसंग्रहालय सुचवले असून शहराच्या मध्यातूनच डोंगर चढणारी रेल्वे थेट तेथे जाते, असे ती सांगते. तिला त्या दिवशी सुट्टी नाही, त्यामुळे आम्ही चौघेच जाऊ : मी, माझे यजमान, सासरे आणि सहा वर्षांचा नातू.

माझी मुख्य काळजी सासऱ्यांची आहे. त्यांचे वय ७९ असून तीन वर्षांपूर्वी डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली आहे. सपाटीवर काठी घेऊन ते तासभर सहज चालतात, पायऱ्या मात्र टाळतात. त्याहून मोठी अडचण त्यांच्या मनातल्या भीतीची आहे. काही वर्षांपूर्वी एका देवस्थानाच्या डोंगरावर जाताना आमचा रोपवेचा पाळणा दरीच्या मधोमध जवळजवळ पंचवीस मिनिटे अडकून राहिला होता. वारा सुटला होता, पाळणा झुलत होता, आणि काय बिघडले आहे हे खालून कोणी सांगत नव्हते. त्या दिवसापासून ‘तारेवरचे काहीही नको’ असे त्यांनी ठरवून टाकले आहे. ही इन्सब्रुकची गाडीदेखील तारेनेच ओढली जाते, असे वाचल्यावर त्यांनी वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवले.

दुसरा प्रश्न नातवाचा आहे. त्याला सिंह आणि हत्ती पाहायचे आहेत, आणि ते तेथे नाहीत असे दिसते. मग केवळ डोंगरातले प्राणी पाहण्यासाठी एवढा खटाटोप करावा, की तोच वेळ वर शिखरापर्यंत जाण्यात घालवावा? ज्यांनी प्रत्यक्ष पाहिले आहे, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तरायण

वैजयंतीताई, मी गेली सहा वर्षे इन्सब्रुकमध्ये राहतो आणि पुण्याहून आलेल्या माझ्या आईवडिलांना तीन वेळा तेथे घेऊन गेलो आहे, त्यामुळे प्रवासाबद्दल खात्रीने लिहू शकतो.

म्युनिकहून ब्रेनर खिंडीमार्गे इटलीकडे जाणाऱ्या थेट गाड्या इन्सब्रुकला थांबतात आणि साधारण पावणेदोन तास लागतात. मुख्य रेल्वे स्थानकापासून जुन्या शहरातून रमतगमत चालत गेलात, तर पंधरा-वीस मिनिटांत काँग्रेस या नावाचे स्थानक लागते. हीच हुंगरबुर्गबान, म्हणजे आपण म्हणता ती डोंगररेल्वे, येथून सुटते. वाटेत सोनेरी छपराची ती प्रसिद्ध गॅलरी आहेच. तिच्यावर सोन्याचा मुलामा दिलेले २,६५७ तांब्याचे पत्रे आहेत. नातवाला ते मोजायला सांगितलेत, तर सासऱ्यांना समोर बसून विश्रांती घ्यायला पुष्कळ वेळ मिळेल.

स्थानक बाहेरून पाहताच लक्षात राहते. जाड काँक्रीटच्या बैठकीवर दुधी रंगाच्या वक्र काचेचे छप्पर असे अंथरले आहे, की उतारावरून बर्फ घसरत येऊन मध्येच गोठले असावे. चारही स्थानकांची रचना झाहा हदीद यांची आहे, आणि शहराच्या दक्षिणेस बेर्गईझेल टेकडीवर दिसणारा स्की-उडीचा मनोराही त्यांचाच. मूळ डोंगररेल्वे १९०६ साली सुरू झाली होती. ती २००५ साली बंद करून नव्या मार्गावर आजची गाडी २००७ च्या डिसेंबरमध्ये धावू लागली.

आता आजोबांसाठी महत्त्वाचे. काँग्रेसहून निघताना गाडी जमिनीखालून जाते, तेव्हा खाली पाहण्यासारखे काही नसतेच. त्यानंतर ल्योवेनहाउस हे नदीकाठचे स्थानक येते, आणि लगेच गाडी वळणदार पुलावरून इन नदी ओलांडते. मेअखेरीस वरचे बर्फ वितळत असल्यामुळे नदी भरून वाहते आणि पाण्याचा रंग हिमनदीने दळलेल्या दगडाच्या भुकटीमुळे राखाडी-हिरवा असतो. पलीकडे पुन्हा बोगदा, आणि तेथून खरा चढ सुरू होतो. सर्वांत उभ्या ठिकाणी हा चढ शंभरास ४६ इतका आहे. तरीही बसलेल्या माणसाला तो जाणवत नाही, कारण गाडीचे पाच डबे एका मोठ्या चौकटीत बसवलेले आहेत आणि उतार बदलेल तसा प्रत्येक डबा स्वतःची पातळी सावरून घेतो. पायांखालची जमीन सपाटच राहते, फक्त खिडकीबाहेरची झाडे तिरकी होत जातात. माझ्या वडिलांनी पहिल्यांदा ते पाहिले, तेव्हा समोरच्या बाकावर ठेवलेली पाण्याची बाटली ते सबंध प्रवासभर निरखत होते. ती जागची हलली नाही.

पूर्ण मार्ग १.८ किलोमीटरचा, २८८ मीटर उंची चढणारा आणि आठ-नऊ मिनिटांचा आहे. आपण शेवटून दुसऱ्या, आल्पेनझू नावाच्या स्थानकावर उतरायचे. हे स्थानक उंच खांबांवर उभे असल्यामुळे फलाटावरून सगळे शहर दिसते, आणि खाली उतरायला लिफ्ट आहे. पायऱ्यांच्या बाजूला अजिबात वळू नका. तेथून प्रवेशद्वारापर्यंत पाचेक मिनिटांची वाट आहे.

भीती काही केल्या जात नसेल, तर मार्क्टप्लाट्झ या चौकातून डब्ल्यू क्रमांकाची शहर बस थेट प्राणिसंग्रहालयाच्या दारात नेऊन सोडते. ही गोष्ट आजोबांना आधीच सांगून ठेवा. परतीचा दुसरा मार्ग आहे हे ठाऊक असले, की माणूस निर्धास्तपणे चढतो, असा माझा अनुभव आहे.

लोहमार्ग

मी रेल्वेत अभियंता म्हणून नोकरी करून निवृत्त झालो आहे. वैजयंतीताईंच्या सासऱ्यांना मी थेट उत्तर देऊ इच्छितो, कारण त्यांची शंका रास्त आहे आणि ‘काही होत नाही हो’ असे म्हणून ती उडवून लावणे मला योग्य वाटत नाही.

काका, रोपवे आणि फ्युनिक्युलर (म्हणजे रुळांवरून तारेने ओढली जाणारी ही डोंगररेल्वे) या दोहोंत तार असली, तरी तारेचे काम अगदी वेगळे आहे. रोपवेमध्ये आपला सगळा भार तार पेलते आणि पाळणा हवेत लोंबकळतो. फ्युनिक्युलरमध्ये भार रुळांवर असतो, तार फक्त ओढते. गाडी जमिनीला धरून असते, झुलण्याचा प्रश्नच येत नाही. आपण वणीच्या सप्तशृंगी गडावर गेला असाल, तर २०१८ पासून तेथे पाचशेहून अधिक पायऱ्यांना पर्याय म्हणून जी ट्रॉली चालते, ती याच जातीची आहे. नाशिककडचे आजी-आजोबा तिच्यात निःशंकपणे बसतात.

यंत्रणा समजून घेतली, तर भीती आपोआप कमी होते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. आडावर रहाटाच्या दोन टोकांना दोन घागरी बांधलेल्या असाव्यात, एक वर येताना दुसरी खाली जावी, तसे येथे एकाच तारेच्या दोन टोकांना दोन गाड्या असतात. उतरणाऱ्या गाडीचे वजन चढणाऱ्या गाडीला वर खेचते, म्हणून मोटारीला केवळ दोहोंतील प्रवाशांच्या वजनाचा फरक आणि घर्षण यांच्यापुरतेच बळ लावावे लागते. शंभर वर्षांपूर्वी तुटपुंज्या विजेवर एवढे चढ सर झाले, ते याच युक्तीमुळे.

बहुतेक वाट एकेरी असते आणि बरोबर मध्यावर दोन गाड्या एकमेकींना ओलांडतील एवढाच दुहेरी तुकडा असतो. तेथे सांधे बदलणारा माणूस नसतो आणि सांधा हलतही नाही. कार्ल रोमान आब्ट या स्विस अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात याचा मार्ग काढला. प्रत्येक गाडीच्या एका बाजूच्या चाकांना आतून-बाहेरून दोन्हीकडे कडा असतात, त्यामुळे ती चाके आपल्या बाजूचा रूळ सोडूच शकत नाहीत. दुसऱ्या बाजूची चाके रुंद आणि सपाट असतात, ती फटीवरून अलगद पुढे जातात. एका गाडीची कडेवाली चाके डावीकडे, तर दुसरीची उजवीकडे असतात, म्हणून पहिली नेहमी डावीकडे आणि दुसरी नेहमी उजवीकडेच वळते. नोकरीची सगळी वर्षे सांध्यांची देखभाल करण्यात गेलेल्या माणसाला एकही हलता भाग नसलेला सांधा पाहून काय वाटते, ते शब्दांत सांगणे कठीण आहे. आपण खिडकीशी बसून तो अवश्य पाहावा.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. दोन्ही गाड्या एकाच तारेला बांधलेल्या असल्यामुळे एक थांबली की दुसरीला थांबावेच लागते. तेव्हा आपली गाडी दोन स्थानकांच्या मध्ये क्षणभर उभी राहिली, तर तो बिघाड समजू नये. दुसऱ्या गाडीत कोणीतरी चढत-उतरत असते, एवढाच त्याचा अर्थ. आणि तार सैल पडली किंवा वेग मर्यादेबाहेर गेला, तर आधुनिक फ्युनिक्युलरमध्ये गाडीवरचेच ब्रेक रुळाला पकडतात. त्यासाठी चालकाने काही करण्याची वाट पाहिली जात नाही.

गिधाडमित्र

प्रवासाचे सगळे आले, पण ज्याच्यासाठी जायचे त्याबद्दल अजून कोणी लिहिले नाही. मी पक्षी पाहतो, विशेषतः गिधाडे, आणि आल्पेनझू पाहण्यासाठी म्हणून इन्सब्रुकला दोन दिवस थांबलो होतो.

हान्स प्सेन्नर या प्राणिशास्त्रज्ञाने १९६२ साली हे प्राणिसंग्रहालय सुरू केले. समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर असलेले हे ठिकाण युरोपातील सर्वांत उंचावरचे प्राणिसंग्रहालय म्हणून ओळखले जाते. पण त्याचे खरे वैशिष्ट्य उंची नव्हे. तेथे फक्त आल्प्स पर्वतात राहणारे, किंवा एके काळी राहत असलेले प्राणी ठेवायचे, हा नियम पहिल्यापासून पाळला गेला आहे. म्हणून सिंह नाही, हत्ती नाही, जिराफ नाही. सुमारे १५० जातींचे २,००० प्राणी आहेत, आणि त्यांत मासे व सापदेखील आले. लांडगा, लिंक्स हे मोठे रानमांजर, तपकिरी अस्वल, पाणमांजर, बीव्हर, आयबेक्स व शॅमॉय या डोंगरी रानशेळ्या, बिळात राहणारा खारीच्या कुळातला मार्मोट, सोनेरी गरुड हे सगळे ज्या डोंगराच्या उतारावर उभे राहून आपण पाहतो, तोच त्यांचा मुलूख आहे. मान वर केली की नॉर्डकेटे या डोंगररांगेचे कडे दिसतात, आणि त्या कड्यांवर यांचे भाऊबंद मोकळे हिंडत असतात. एवढा सरळ संबंध मी दुसऱ्या कुठल्याही प्राणिसंग्रहालयात अनुभवलेला नाही.

वैजयंतीताई, आपण गेलात तर दाढीवाल्या गिधाडासमोर किमान अर्धा तास द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे. या पक्ष्याच्या पंखांचा विस्तार अडीच मीटरहून अधिक भरतो. चोचीखाली काळ्या राठ केसांची दाढी असते आणि पिवळट डोळ्याभोवती लाल कडे असते. पक्षी चिडला की ते कडे गडद होते. छातीचा तांबूस रंग जन्मतः नसतो. लोहाचा अंश असलेल्या चिखलात लोळून तो स्वतःच पिसे रंगवून घेतो. आणि त्याचे मुख्य अन्न म्हणजे हाडे. इतर गिधाडांनी मांस संपवल्यावर उरलेली हाडे हा उचलतो, मोठे हाड असेल तर उंचावरून कातळावर टाकून फोडतो आणि तुकडे सबंध गिळतो. त्याच्या जठरातील आम्ल इतके तीव्र असते, की हाड विरघळून जाते.

आल्प्समधील लोक समजत, की हा पक्षी कोकरे पळवतो, प्रसंगी लहान मुलेही. त्यामुळे त्याला मारणाऱ्यास बक्षीस मिळे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आल्प्समधून तो नाहीसा झाला. त्यानंतर अनेक दशके त्याला परत आणण्याचे प्रयत्न फसले. १९७३ साली आल्पेनझूमध्ये बंदिवासातील जोडीने पिल्लू वाढवले, आणि मग या पक्ष्याची पैदास करून त्याला परत सोडता येईल, असा विश्वास आला. पुढे अनेक प्राणिसंग्रहालये एकत्र आली, आणि १९८६ साली ऑस्ट्रियातील राउरिस खोऱ्यात पहिली पिल्ले सोडण्यात आली. सोडण्याची रीतही समजून घेण्यासारखी आहे. अद्याप उडता न येणारी पिल्ले कड्यातील कपारीत ठेवतात, माणूस नजरेस पडणार नाही अशा बेताने त्यांना अन्न पोहोचवतात, आणि ती आपली आपण पहिली झेप घेतात, म्हणजे ती जागाच त्यांना जन्मभूमी वाटते. मोकळ्या आल्प्समध्ये पहिले पिल्लू जन्मायला १९९७ साल उजाडले, फ्रान्सच्या ओत-साव्हा भागात. प्रकल्पाला सुरुवात करणाऱ्यांनी केवढा धीर धरला असेल, याचा विचार करावा. हा पक्षी अंडी दोन घालतो, पण घरट्यात थोरले पिल्लू धाकट्याला जगू देत नाही. म्हणून पैदास केंद्रांत धाकट्याला वेळीच बाजूला घेऊन वाढवावे लागते.

हे मी आपल्याला एवढे का सांगतो आहे, तेही लिहितो. आपल्याकडे १९९० च्या दशकात गिधाडे डोळ्यांदेखत संपली. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध त्याला कारण होते. मेलेल्या गुरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात जाई आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. २००६ साली जनावरांसाठी त्यावर बंदी आली. रायगड जिल्ह्यात म्हसळ्याजवळच्या चिरगावात गावकऱ्यांनी घरटी राखली. मुंबईच्या बीएनएचएस (बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी) या संस्थेच्या पैदास केंद्रात वाढलेली गिधाडे २०२४ साली पेंच आणि ताडोबात आणली गेली. त्या कामाला किती वर्षे लागतील आणि ते होऊ शकते का, या दोन्ही प्रश्नांचे उत्तर इन्सब्रुकच्या त्या पिंजऱ्यासमोर उभे राहिल्यावर मला मिळाले. हाच पक्षी लडाखमध्ये आणि स्पितीत मोकळाही दिसतो, पण तेथे तो डोक्यावरून जातो. त्याच्या दाढीचा केस न् केस दिसेल इतक्या जवळून मी त्याला फक्त आल्पेनझूमध्येच पाहिले.

किल्लेवाट

गिधाडमित्र यांच्या तळमळीविषयी मला आदर आहे, तरीही माझे मत वेगळे आहे आणि ते मांडणे आवश्यक वाटते. मी तेथे गेलो होतो, तेव्हा सोनेरी गरुडाच्या पिंजऱ्यासमोर मला थांबवेना. पिंजरा मोठा आहे, स्वच्छ आहे, हे मान्य. पण गरुड फांदीवर बसून ज्या कड्यांकडे पाहत होता, ते त्याच्यापासून उडत पाच मिनिटांवर होते. जेथून घर दिसते अशा ठिकाणी कोंडणे हे मला अधिक कठोर वाटले.

म्हणून माझा सल्ला असा, की डोंगररेल्वेने हुंगरबुर्ग या शेवटच्या स्थानकापर्यंत जावे आणि तेथून केबल कारने सेग्रुबे (१,९०५ मीटर) व पुढे हाफेलेकार शिखर गाठावे. तेथे आयबेक्स दिसतील न दिसतील, पण दिसले तर ते मोकळे असतील. अर्थात सासऱ्यांचा रोपवेचा अनुभव पाहता हा मार्ग त्यांना मानवणार नाही, हे मी समजू शकतो.

गिधाडमित्र

किल्लेवाट, गरुडाबद्दल आपण लिहिले ते मलाही टोचलेले आहे आणि मी त्याचा प्रतिवाद करणार नाही. आयबेक्सबद्दल मात्र एक गोष्ट नोंदवतो. आज हाफेलेकारच्या कड्यावर आपण ज्यांची आशा धरता, ते आयबेक्स एकोणिसाव्या शतकात सगळ्या आल्प्समध्ये मिळून इटलीतील ग्रान पारादीसो या एकाच डोंगरभागात, शंभराच्या आसपास उरले होते. तेथे राजाची राखीव शिकारभूमी होती, म्हणून ते वाचले. राजा जिवंत आयबेक्स विकायला तयार नव्हता, तेव्हा १९०६ साली चोरट्या वाटेने काही करडे सीमेपार स्वित्झर्लंडच्या सांक्ट गालेन शहरी आणली गेली आणि तेथील एका प्राणिउद्यानात बाटलीने दूध पाजून वाढवली गेली. १९११ पासून त्यांची संतती डोंगरात सोडू लागले. इन्सब्रुकची पहिली डोंगररेल्वे सुरू झाली, तेच हे १९०६ साल. कुंपणातल्या त्या करडांशिवाय स्विस कडे अजून कितीतरी काळ ओकेबोके राहिले असते.

वैजयंती_कोथरूड

सर्वांचे मनापासून आभार. ‘लोहमार्ग’ यांचे उत्तर मी सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवले. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावले आणि मग कागदावर दोन गाड्या व मधला दुहेरी तुकडा काढून पाहिला. जायचे ठरले आहे. आता फक्त तिकीट, वेळ आणि आतले चालणे याबद्दल कोणी सांगेल का?

उत्तरायण

प्राणिसंग्रहालयाचा प्रवेश आणि डोंगररेल्वेचा जाण्यायेण्याचा प्रवास मिळून एकत्र तिकीट मिळते, तेच काँग्रेस स्थानकावर मागावे. दिवसभरात आणखी दोन-तीन ठिकाणे पाहणार असाल, तर २४ तासांचे इन्सब्रुक कार्ड हिशेबात घ्या. त्यात शहर बस, डोंगररेल्वे आणि प्राणिसंग्रहालय सर्व येते. आपला बेत पाहता एकत्र तिकीट पुरेसे होईल. गाडी साधारण दर पंधरा मिनिटांनी असते. वसंतात आणि शरदात काही दिवस देखभालीसाठी ती बंद ठेवतात, त्यामुळे निघण्यापूर्वी तारीख पडताळून घ्यावी.

आत सगळी जागा उतारावर आहे. वाटा चांगल्या आहेत, बाबागाडी सहज जाते, पण चढ खरा आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. सासऱ्यांनी सगळे पाहण्याचा हट्ट धरू नये. पाणमांजर, बीव्हर आणि थंड पाण्यातील मासे यांच्याकडे आधी जा. तेथे काचेतून पाण्याखालचे दिसते आणि नातू तेथून हलणार नाही. मार्मोट पाहायला मेअखेर उत्तम, कारण ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत ते बिळात झोपलेले असतात. वरचा भाग यजमानांनी आणि नातवाने पाहावा, तोवर आपण दोघांनी बाकावर बसावे. किमान तीन तास हाताशी ठेवा. एका सहल कंपनीसोबत आलेले माझे काका-काकू चाळीस मिनिटांत बाहेर काढले गेले होते, आणि त्यांना फक्त अस्वलाची पाठ दिसली.

वैजयंती_कोथरूड

आम्ही परवा जाऊन आलो. ज्यांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्यांना वृत्तांत कळवणे हे माझे कर्तव्य समजते.

सासरे काँग्रेस स्थानकावर पाच मिनिटे उभे राहिले आणि एक गाडी जाऊ दिली. दुसऱ्या गाडीत खालच्या डब्यात, खिडकीशी बसले. बोगद्यात त्यांनी काठी दोन्ही हातांनी धरली होती. नदीवर आल्यावर एक हात सुटला. पुढे गाडी मध्येच थांबली, तेव्हा माझ्याच छातीत धस्स झाले. ते मात्र नातवाला म्हणाले, “वरच्या गाडीत कोणीतरी चढतंय बघ.” थोड्या वेळाने ती गाडी शेजारून खाली गेली आणि त्यांनी मला कोपराने ढोसून सांधा दाखवला. लोहमार्गसाहेब, तो क्षण तुमचा आहे.

नातवाने प्रवेशद्वारापाशी सिंहाची चौकशी केली, पण पाणमांजराच्या काचेपाशी पोहोचल्यावर पुन्हा नाव काढले नाही. ते काचेच्या अगदी जवळून उलटे पोहत गेले, तेव्हा त्याच्या पोटावरच्या केसांतून बुडबुड्यांची माळ सुटताना दिसत होती. नातवाने काचेवर हात ठेवला, पुन्हा उचलला, आणि ठशाच्या जागी पुन्हा ठेवला. तेथे आमचा पाऊण तास गेला. मार्मोट आधी दिसलेच नाहीत, नुसती शीळ ऐकू आली, आणि ती पक्ष्याची नसून त्यांची आहे, हे समजेपर्यंत दोघे बिळाबाहेर दोन पायांवर उभे होते.

किल्लेवाट यांनी लिहिलेला गरुडही पाहिला. यजमान तेथे बराच वेळ उभे राहिले आणि परतीच्या वाटेवर त्याविषयी काही बोलले नाहीत. मला वाटते, त्यांना आपले म्हणणे पटले.

गिधाडासमोरच्या बाकावर सासरे आणि मी तासभर बसलो, अर्धा नव्हे. सुरुवातीला तो वरच्या कपारीत पाठमोरा होता. मग खाली आला आणि पायाच्या पंज्याखाली एक हाड दाबून उभा राहिला. हाड वीतभर लांबीचे, एका टोकाला सांध्याचा गोळा असलेले होते. त्याने ते चोचीत आडवे धरले, झटका देऊन उभे केले, मान ताठ वर केली, आणि ते हळूहळू आत जाऊ लागले. गोळ्याचे टोक बराच वेळ चोचीबाहेर राहिले. गळ्यावरची तांबूस पिसे फुगली, दाढी पुढे आली, डोळ्याभोवतीचे लाल कडे आम्हाला स्पष्ट दिसत होते. तिसऱ्या गचक्याला ते टोकही दिसेनासे झाले. सासऱ्यांचे बालपण जुन्नरजवळच्या खेड्यात गेले. ते म्हणाले, “आमच्या ओढ्याकाठी मेलेल्या बैलावर चाळीस-चाळीस गिधाडं बसायची, आम्ही दगड मारून उडवायचो.” नंतर त्यांनी विचारले, की आपल्याकडे सोडलेली गिधाडे कुठे पाहायला मिळतील.

गिधाडमित्र, आपण चिरगावचा उल्लेख केला आहे. पुण्याहून ताम्हिणीमार्गे तेथे एका दिवसात जाऊन येता येईल का, कोणत्या महिन्यात जावे, आणि पिल्लांना त्रास होणार नाही अशा बेताने घरटी दुरून दिसतात का, एवढे कृपया कळवावे. गाडी थेट पोहोचत नसेल, तर किती चालावे लागेल, तेही लिहा, कारण सासरे येणार आहेत.